फियाटचा गिअरबॉक्स अन् काकूंचा हट्ट

अहो वहिनी, या नं इकडे भिंतीपाशी. पहाटे पाचपासून ठोकाठोकी ऐकू येऊन राहिली होती ना आठवडाभर? तुम्हाला वाटलं कोणाचा तरी कूलर बिघडला. कूलर कुठचा! कोपऱ्यावरच्या बँकवाल्या काकांनी फियाटचा गिअरबॉक्स उतरवला. घरीच, पोर्चमध्ये, या मे महिन्याच्या नागपुरात! नऊ वाजले की पाना हाताला चटका देते, म्हणून पहाटेचा मुहूर्त.

हाओ, तीच ती पांढरी. 1974 ची आहे. आपण फियाट म्हणतो, पण त्याच साली कंपनीनं तिला पद्मिनी नाव दिलं, हे काका दारावर कुरिअरवाला आला तरी सांगतात. अन् पुढे वालचंद हिराचंद, कुर्ल्याचा प्रीमिअरचा कारखाना, सगळं पुराण. तो बिचारा सही घ्यायला थांबलेला.

झालं काय, दुसरा गिअर टिकेना. सेमिनरी हिल्सच्या चढावर दुसरा टाकला की दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला. आधी काकांनी स्टिअरिंगखालच्या सळ्यांचे बुश बदलले, कारण सदरच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, "पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, खोलायच्या आधी बुश पाहा." बदलले, तरी तेच. पहिला गिअर कुरकुर करत होता तो वेगळा, पण त्याला दोष नाही म्हणे. त्या गाडीत सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी रिंग, फक्त दुसऱ्यापासून वर, पहिल्याला नाहीच. गाडी पूर्ण थांबवून टाकायचा. काकू चाळीस वर्षं तसाच टाकतात, कधी आवाज नाही. काकांनी टाकला की अख्ख्या गल्लीला कळते.

आता पेटी आणायची कुठून? मुंबईहून. कुर्ल्यालाच जुन्या गाड्यांचे भंगारवाले आहेत नं, तिथून. जिथे गाडी जन्मली तिथेच तिचे सांगाडे विकून राहिले, बघा नशीब. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस ती बंद झाली. काकांना वाटलं असेल, आता पार्टच पार्ट. पण टॅक्सीची पेटी म्हणजे दिवसरात्र राबलेली. काकांनी शोधून घरगुती गाडीची मिळवली अन् विदर्भ एक्सप्रेसमध्ये बर्थखाली पोत्यात घालून आणली. ऑइलचा असा वास सुटला की समोरच्या बाईंनी इगतपुरीपासून नाकाला पदर लावला तो वर्ध्यालाच काढला.

खरी गंमत पुढे आहे. काकांच्या डोक्यात आलं, पेटी बदलायचीच आहे तर स्टिअरिंगवरच्याऐवजी खाली जमिनीवर दांड्याचा गिअर का नको? शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींत तसा आला होता. आणि वरून म्हणे, गाडीची पन्नाशी उलटली, तर व्हिंटेजमध्येही नोंदवू. 2021 मध्ये आपल्याच गडकरी साहेबांच्या खात्यानं नियम काढला नं, पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांसाठी. नवीन नोंदणीला वीस हजार, पुन्हा करायची तर पाच हजार, अन् नव्या नंबरात व्हीए अशी अक्षरं.

काकूंनी चष्मा लावला अन् जावयाच्या फोनवर तो नियमच वाचून काढला. एकतर चासिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरबदल चालत नाही. खालचा गिअर बसवायचा तर फ्लोअरचा पत्रा कापावा लागते, म्हणजे एका हातानं भोक पाडायचं अन् दुसऱ्या हातानं मूळ रूपातली गाडी म्हणून अर्ज भरायचा! अन् दुसरं, जे काकांनी सोयीस्कर वाचलंच नव्हतं: व्हिंटेज नोंदवलेली गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, नाहीतर पेट्रोल भरायला अन् दुरुस्तीला, बस्स. काकू म्हणाल्या, "मग मी बर्डीवर भाजीला काय घेऊन जाऊ, तुमचं प्रमाणपत्र?"

दोन दिवस अबोला. काका आमच्याकडे चहाला, काकू तुमच्याकडे. आठवते नं?

माझं मत विचाराल तर काकूच बरोबर. स्टिअरिंगवरचा गिअर म्हणजे पुढे अख्खी सलग सीट, मधे दांडा नाही. भिशीला जातो तेव्हा पुढे तिघी बसतो का नाही आपण? दांडा आला असता तर मधलीनं पाय ठेवायचा कुठे? अन् मधे नेहमी मीच असते.

शेवटी ठरलं, पेटी जशीच्या तशी, व्हिंटेज नको, आरटीओतलं नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं. मग कामाला लागले. बॅटरीची वायर काढली, गाडी चार घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली. नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली जायचं नाही, ही काकूंची अट. त्या स्वतः गाडीला हलवून बघायच्या. ऑइल काढलं, प्रोपेलर शाफ्ट सोडला, मीटरची केबल, क्लचची सळी, स्टार्टर. इंजिनाखाली लाकडी फळी अन् दुसरा जॅक, नाहीतर पेटी निघाली की इंजिन मागे झुकते. मिस्त्री खुर्चीवर बसून तर्री पोहे खात एकच गोष्ट दहादा सांगून राहिले होते, "सरळ ओढा, शाफ्टवर लटकवू नका, क्लच प्लेट वाकेल."

उतरवणं सोपं, चढवणं कठीण. तेवढ्यात क्लच प्लेट अन् बेअरिंगही नवं घातलं; पेटी उतरवली असताना तेवढ्यासाठी पुन्हा कोण खाली जाईल? प्लेट बरोबर मधोमध बसावी म्हणून मिस्त्रींनी जुना इनपुट शाफ्टच खुंटीसारखा वापरला. पण नवी पेटी बोटभर अंतरावर अडली ती अडलीच. काका घामाघूम, आमचे हे जॅकवर, वरच्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा पोरगा मोबाईलमध्ये व्हिडिओ शोधून राहिला. मिस्त्री नेमके नमाजाला गेलेले. काकू चहा घेऊन आल्या, बघितलं अन् म्हणाल्या, "गिअरमध्ये टाका अन् मागून शाफ्ट थोडा फिरवा, दाते जुळतील." फिरवला, अन् खट्‌कन गेली आत! काका एक शब्द बोलले नाहीत. आमचे हे मात्र घरी येऊन हसून हसून लोळले.

ऑइलवरूनही वाद झालाच. नव्वद नंबरचं तर सगळ्यांनाच मान्य, पण दुकानदार जीएल-5 देऊन राहिला होता, जास्त चांगलं म्हणून. मिस्त्रींनी परत पाठवलं. त्यातल्या गंधकाच्या मसाल्यानं पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात; जुन्या पेटीला जीएल-4 च बरं. महागातलं म्हणजे चांगलं असं आपणही समजतो, साड्यांचंही तसंच.

काल संध्याकाळी काकू गाडी काढून घेऊन गेल्या, तेलंगखेडीपर्यंत. दुसरा गिअर घट्ट. काका बाजूला बसून कान लावून ऐकत होते म्हणे, आवाज येते का. यायचा तर काकूंचाच येत होता, "हात काढा दांड्यावरचा!"

आता जुनी पेटी पोर्चमध्ये कुंड्यांच्या मधे पडली आहे. काकांना ती खोलून नवीन बेअरिंग टाकायची आहेत, जादा म्हणून ठेवायला. आज सकाळी भंगारवाला आला तर काकूंनी त्याला भाव विचारला. काका दाढीचा साबण तसाच तोंडावर घेऊन धावत बाहेर आले! थांबा हं वहिनी, कुकरची तिसरी शिट्टी झाली.