अठरा इंचांचे आभार

माननीय साहित्य-वाटप तज्ज्ञ महोदय,


शिबिरात आपण मला व्हीलचेअर बहाल केलीत, त्याला सहा महिने झाले. आभाराचं पत्र राहूनच गेलं. उशिराचं कारण पुढे येईलच.

आधी आपल्या नजरेची तारीफ करतो. बसल्यावर माझी रुंदी भरते १४ इंच. आपण टेपला हातही न लावता १८ इंची खुर्ची दिलीत. उरलेल्या जागेत मी भाजीची पिशवी ठेवतो. न्हाणीघराचं दोन फुटी दार मात्र आपल्याइतकं उदार नाही. खुर्ची बाहेर थांबते, मी फरशीवरून घसरत आत जातो.

त्या दिवशी मंडपात सगळ्या खुर्च्या एकाच मापाच्या होत्या. समतेचं इतकं शुद्ध दर्शन क्वचितच घडतं! दुसरीतल्या एका मुलीलाही तीच मिळाली. "वाढेल की ती," असं आपण तिच्या आईला म्हणालात. गणवेश आपणही वाढत्या अंगाचाच घेतो म्हणा. पण ढगळ गणवेशानं पाठीचा कणा वाकत नाही.

गादी दिली नाहीत, त्यामागेही विचार असणार. मणक्याला मार बसल्यापासून कमरेखाली मला काही कळत नाही. मग मऊ काय नि कडक काय! कळत नाही म्हणूनच जखम होते, हे मला पुढे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी सांगितलं. थोड्या थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, हेही त्यांनीच शिकवलं. शिकवायला दोन मिनिटं लागली. मी मात्र त्यासाठी तीन महिने पालथा पडून होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची माणसं फारच संथ बुवा. २००८च्या त्यांच्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या आहेत. तपासणी आहे, अंगाला बसवून पाहणं आहे, वापर शिकवणं आहे, नंतरची दुरुस्ती आणि पुन्हा भेटही आहे. आपण आठही पायऱ्या एका फोटोत उरकल्यात. फोटोत माझ्या गळ्यातला हार छान आलाय, चेहरा पाहुण्यांच्या कोपरामागे गेलाय.

माझ्या शेजारच्या आजोबांना श्रवणयंत्र मिळालं. कानाचा साचा घेतलाच नव्हता, त्यामुळे ते शिट्टी मारतं. आता ते तपकिरीच्या डबीशेजारी असतं. आपल्या रजिस्टरात मात्र आजोबांना उत्तम ऐकू येतं.

केंद्राची दिव्यांगांना साधनं देणारी 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्या लांबलचक नावात साधनांची खरेदी आहे, तशी ती बसवून देणंही आहे. आपलं वाचन बहुधा खरेदीपाशी थांबलं असावं.

पुढच्या शिबिराला मी येणार आहे, खुर्ची परत करायला. हार नको. येताना टेप तेवढी आणा. शिंप्याकडे असते तीही चालेल.

आपला,
लाभार्थी क्रमांक ८७