सात मिनिटांत स्वित्झर्लंड

टोस्टमास्टर्सच्या मीटिंगला चाललोय असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, "मग नाश्ता तिथेच होतो का?" तिच्या डोळ्यांसमोर बेकरीच्या बरणीतले टोस्ट होते. ते तिथे नसतात. चहा आणि ग्लुकोजची दोन बिस्किटं मिळतात, तीही शेवटी. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात हा उद्योग सुरू केला, तो माणसाला चारचौघांत उभं राहून बोलता यावं म्हणून. त्यासाठी पुण्यात वेगळा क्लब काढावा लागेल असं कुणाला वाटलं नसतं. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीच सुरू करून दिली होती. पण व्याख्यानमालेत जी सोय नाही ती आमच्याकडे आहे. आमच्याकडे सातव्या मिनिटाला लाल कार्ड दाखवतात.

ते दाखवणारा टायमर मी. पाच मिनिटं झाली की हिरवं, सहाला पिवळं, सातला लाल. वर अर्धं मिनिट माफ. तरीही वक्ता थांबला नाही, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. या टाळ्या वक्त्याला बसवण्यासाठी असतात, हे आमच्या प्रवासकाकांना अजून कुणी सांगितलेलं नाही. ते नमस्कार करतात आणि पुढे बोलतात.

प्रवासकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी युरोपला जाऊन आले आणि तेव्हापासून ते क्लबात बोलतायत. पुण्यातल्या मे महिन्यात ते टूर कंपनीची टोपी घालून येतात. सॅकला विमानाचा टॅग अजून लटकतोय. तुटू नये म्हणून त्यावर सेलोटेप लावलाय. ठरलेली वाक्यं तीन: "तिथे हॉर्न ऐकू येत नाही", "नळाचं पाणी खुशाल प्यावं" आणि "चहा आपल्या पैशांत कितीला पडला, ते विचारू नका." मग कोणी न विचारता ते सांगतात. असा सभासद प्रत्येक क्लबात असतो. नसेल त्यांनी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे चौकशी करावी.

पहिल्या भाषणाचा विषय होता 'युंगफ्राउयोख: युरोपच्या माथ्यावर'. आम्ही सावरून बसलो. काकांनी सुरुवात बॅगेपासून केली. एअरलाइनची मर्यादा तेवीस किलो. बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. हिरवं कार्ड वर गेलं तेव्हा चकलीचा डबा बाहेर निघत होता. पिवळ्याला मेतकूट आत गेलं. लाल कार्ड दाखवलं तेव्हा टॅक्सी चांदणी चौकात होती.

दुसऱ्या भाषणात द्रुतगती मार्ग लागला. घाट दिसला की काकांमधला अभियंता जागा होतो. बोरघाटातली रेल्वे १८६३ची, उतारावर गाड्या तेव्हा कशा थांबवायच्या, आणि त्यामानाने स्विस लोकांनी काय मोठं केलं! युंगफ्राउची रेल्वे नऊ किलोमीटर, त्यातले सात बोगद्यात, काम १८९६ ते १९१२. वरच्या स्टेशनची उंची तीन हजार चारशे चोपन्न मीटर. हे सगळं काकांनी खंडाळ्यातून सांगितलं. तिथेच लाल कार्ड.

तिसऱ्यात सुरक्षा तपासणी झाली. त्या दिवशीचा शब्द 'कुतूहल' होता. तो भाषणात वापरला की व्याकरणवाल्या बाई खूश होतात. काकांनी वापरला: "काउंटरवरच्या मुलीला आमच्या लोणच्याविषयी कुतूहल वाटलं." चौथ्या भाषणात, मोठ्या मनाने म्हणतो, विमान उडालं.

आमच्याकडे 'अं', 'म्हणजे', 'आपलं' मोजायलाही एक जण असतो. सध्या ते काम एका कॉलेजकन्यकेकडे आहे. काका अडखळतच नाहीत. ते "तर मी काय सांगत होतो" म्हणतात. अख्खं वाक्य मोजायचं का, असं तिने मला हळूच विचारलं. एका भाषणात अकरा वेळा आलं होतं. मोजताना वाजवायची घंटा काकांनीच क्लबाला भेट दिलीय, स्वित्झर्लंडहून आणलेली, गाईच्या गळ्यातली. घंटा पोचली, हकिगत अजून वाटेत आहे.

मला अशा वेळी गोडसे भटजी आठवतात. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि १८५७च्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, लुटला गेला, जीव घेऊन परत आला. 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली. एवढं पाहिलेला माणूस इतकी वर्षं दम धरतो, आणि आमच्या काकांनी भाषणाची तारीख विमानतळावरूनच फोन करून पक्की केली होती.

भाषणानंतर मूल्यमापन. त्याची रीत अशी, की आधी कौतुक, मग सूचना, मग परत कौतुक. मूल्यमापक म्हणाले, "आवाज छान. स्वित्झर्लंड आलं असतं तर अजून छान. टोपी छान." काकांनी पहिलं आणि तिसरं वहीत लिहून घेतलं.

गेल्या रविवारी सहकुटुंब सभा होती. काकू पहिल्यांदाच आल्या, मागच्या रांगेत बसल्या. उत्स्फूर्त भाषणात पाहुण्यांनाही चिठ्ठी देतात. किमान एक मिनिट बोलायचं. काकूंची चिठ्ठी निघाली: 'सहलीतला अविस्मरणीय क्षण'. काका खुर्चीच्या टोकावर आले.

काकू जागेवरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही त्या युंगफ्राउला गेलो होतो, ह्यांनी सांगितलंच असेल. एवढे पैसे भरून वर पोचलो तर सगळं धुकं. डोंगर नाही, बर्फ नाही, काही नाही. हात धरला होता म्हणून हे तेवढे जवळ आहेत एवढं कळत होतं. मग खाली आलो." आणि बसल्या.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि टाळ्या पहिल्यांदा त्यांनीच वाजवल्या.

माझ्या वहीतली नोंद अशी आहे: काकू, एकवीस सेकंद, किमान वेळ न भरल्याने बक्षिसास अपात्र. पुढच्या रविवारी काकांचं पाचवं भाषण. विषय 'झ्युरिकचा विमानतळ'. त्यांनी दहा मिनिटं मागितली आहेत.