डोळे मिटून केलेले उपद्व्याप

नगरच्या ख्रिस्ती माणसाला चारचौघांत भाषण करता आलं नाही तरी चालतं, पण उभं राहून प्रार्थना करता आलीच पाहिजे. पोरगं परीक्षेला निघालं की प्रार्थना, दारात नवी मोटरसायकल आली की प्रार्थना, मुलगी बघायला जाताना प्रार्थना आणि तिकडून नकार आला की सांत्वनाची प्रार्थना. गावाचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं असलं, तरी ही खोड जुन्या नगरची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये इथे येऊन राहिले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ इथूनच निघू लागला आणि पुढे रेव्हरंड टिळकांची भजनंही इथल्या मंडळ्यांच्या तोंडी बसली. अशा गावात वाढलेल्या माणसाला शब्दांचा तोटा नसतो. मला तर नव्हताच. माझी मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली की मागचे लोक भिंतीला टेकून बसत आणि यजमानीणबाई उठून गॅस बारीक करून येत.

मध्यस्थी म्हणजे दुसऱ्यासाठी देवाकडे रदबदली. माझी रदबदली सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू व्हायची. मग इस्राएल लोकांना तांबड्या समुद्रातून पलीकडे न्यायचं, मग राष्ट्रपती, पंतप्रधान, जिल्हाधिकारी, पाऊसपाणी, कांद्याचा भाव, आणि सगळ्यात शेवटी, एव्हाना बरे होऊन घरी गेले असतील असे मंडळीतले आजारी. प्रत्येक वाक्यात निदान दोनदा ‘बापा’. बायको म्हणायची, “अहो, देवाला इतिहास पाठ आहे. तुम्ही त्याला आजचं काय ते सांगा.”

बचावाला मी शलमोनाला उभं करायचो. मंदिराच्या प्रतिष्ठेला त्याने केलेली प्रार्थना पहिल्या राजे पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे आणि ती चांगली ऐसपैस आहे. बायको पेत्राला पुढे करायची. पाण्यावर चालता चालता तो बुडायला लागला, तेव्हा त्याची प्रार्थना तीन शब्दांत आटोपली. “त्याने तुमच्यासारखी उत्पत्तीपासून सुरुवात केली असती, तर नोहापर्यंत यायच्या आत नाकात पाणी गेलं असतं.” मी तिला म्हणालो, तो कोळी होता, त्याला अनुभव होता. संसारात असे वाद बोलून मिटत नाहीत. ते घटनांनी मिटतात.

ती घटना आमच्या मंडळीतल्या एका ताईंच्या घरी झाली. शुक्रवारची घरसभा होती. ताईंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून हळूच सांगितलं, “भाऊ, पोराची पुण्याची नोकरी गेलीय. प्रार्थनेत आठवण ठेवा.” मी आठवण ठेवली. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. दिवाणावर एक अनोळखी जोडपं बसलं होतं, बाईंच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. मला वाटलं, ताईंचे कोणी संगमनेरचे नातलग असतील. मग मी डोळे मिटले.

“हे दयाळू स्वर्गीय बापा, या घरच्या तरुणाची नोकरी गेली आहे हे तू जाणतोस. तो दिवसभर घरी बसून असतो, बापा, आणि मोबाइल बघतो. लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत त्याला काम दे, बापा, कारण मुलीकडच्यांना अजून काहीच कळवलेलं नाही.”

आमेन आलं, पण नेहमीसारखं दणक्यात आलं नाही. डोळे उघडले तर पेढ्यांचा पुडा पुन्हा पिशवीत गेला होता. निघताना चपला घालता घालता त्या बाई म्हणाल्या, “प्रार्थना फार मनापासून करता हो तुम्ही. आमच्याकडे कधी येऊ नका.”

तेच मी चौकात उभं राहून सांगितलं असतं, तर लोकांनी चहाडी म्हटलं असतं. डोळे मिटून सांगितलं की तो प्रार्थनेचा विषय होतो. याकोबाने आपल्या पत्रात जिभेवर जवळजवळ अख्खा अध्याय खर्च केला आहे, एवढीशी ठिणगी केवढं रान पेटवते ते सांगितलं आहे. फक्त मिटल्या डोळ्यांच्या जिभेबद्दल त्याने वेगळं कलम घातलं नाही, आणि आमच्या कित्येक घरसभा त्या फटीतून चालतात. पुढे त्या मुलाला नोकरी लागली, लग्नही दुसरीकडे जमलं. पत्रिका आली, तिच्यावर ताईंनी पेनाने लिहिलं होतं : “भाऊ, फक्त जेवायला या.”

पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. पाळक माणसाला थेट बोलायची सोय नसते, त्यामुळे ते वचनातून बोलतात. “भाऊ, थोडे दिवस एकांतात प्रार्थना करून बघा. मत्तय, सहावा अध्याय.” खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर, असं प्रभूने सांगितलंय तो अध्याय. वायफळ बडबड करू नका हेही त्याच अध्यायात आहे. ते पाळकसाहेबांनी बोलून दाखवलं नाही, पण पुस्तक नेमकं त्या पानावर उघडून माझ्यापुढे सरकवलं.

पहाटे उठून मी खोलीचं दार लावलं. विचार माझ्या आधीच आत येऊन बसले होते. पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येक विचार कैद करून ख्रिस्ताच्या स्वाधीन करावा. पौल स्वतः तुरुंगात राहून आलेला, त्याला ती व्यवस्था माहीत असावी. माझ्याकडे एक विचार धरून आणावा तर आधीचा जामिनावर सुटलेला असायचा. आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली की आजारावरून मेडिक्लेमचा हप्ता आठवायचा, हप्त्यावरून एजंट, एजंटवरून त्याच्या मुलीचं लग्न, लग्नावरून तिथलं मटण, आणि मटणावरून हे की रविवारी चर्च सुटेपर्यंत खाटकाकडे चांगलं काही उरत नाही. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा मी अर्धा किलोचा हिशेब करत होतो.

पाळकबाईंना हे सांगितलं. त्यांच्या घरात चार पोरं आणि दिवसभर पाहुणे, त्यामुळे एकांत म्हणजे काय ते त्यांना ऐकूनच ठाऊक. त्या लसूण सोलत म्हणाल्या, “मन पळतं तर पळू द्या. जिथे जाऊन थांबेल तिथल्या माणसासाठी प्रार्थना करा. सिलिंडर आठवला, तर सिलिंडर घेऊन जिना चढणाऱ्या पोरासाठी करा.”

सोपं वाटलं. पण सिलिंडरवाल्या पोरासाठी प्रार्थना करायला बसलो तर त्याचं नाव मला माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं तो आमचा जिना चढतोय आणि मी त्याला फक्त “सील बघू” एवढंच म्हणत आलो. मग आठवला शेजारी, जो आमच्या फाटकासमोर गाडी आडवी लावतो. त्याच्यासाठी प्रार्थनेला बसलो, तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून त्याच्या टायरबद्दल जे निघालं ते कुठल्याच उपासनेत बसणारं नव्हतं. पण पहाटे जागा असल्यामुळे एक गोष्ट दिसली. तो एमआयडीसीतली रात्रपाळी करून त्याच वेळी घरी येतो आणि अंधारात जिथे जागा मिळेल तिथे गाडी लावून आत जाऊन पडतो. इतकी वर्षं मी त्याचा न्याय सकाळी आठ वाजता करत होतो.

एवढी प्रगती झाल्यावर मला वाटलं, आता आपण कोणाला तरी धीर द्यायला हरकत नाही. आमचे गणिताचे मास्तर घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. मी बायबल काखेत मारून दुपारी दवाखान्यात गेलो. कॉटशेजारच्या स्टुलावर बसलो आणि घसा साफ केला.

ईयोबाचे तिघे मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहिले. त्यांचं चुकलं ते बोलायला लागल्यावर. मी मधले सात दिवस वाचवले. “मास्तर,” मी म्हणालो, “प्रत्येक गोष्टीत देवाची काहीतरी योजना असते.”

“बाथरूममधल्या साबणातसुद्धा?” मास्तर म्हणाले.

शाळेतही त्यांचे प्रश्न असेच असायचे. मी उत्तर न देता डोळे मिटले आणि प्रार्थनेला सुरुवात केली. दुपारची वेळ, डोक्यावर पंखा, पोटात वरणभात. इस्राएल लोक समुद्राच्या काठापर्यंत पोचल्याचं आठवतंय. गेथशेमाने बागेत प्रभूचे अगदी जवळचे तिघे शिष्य प्रार्थनेच्या वेळी झोपले होते, म्हणजे माझ्या घराण्याला परंपरा आहे. जाग आली ती सिस्टरच्या आवाजाने : “यांच्यातला पेशंट कोण?”

“झोपू द्या त्याला,” मास्तर म्हणाले. “निदान गप्प तरी आहे.”

तेव्हा माझं लक्ष खिडकीकडे गेलं. मास्तरांचा मुलगा तिथे उभा होता. हातात फाइल, दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. वॉर्डात कॉटमागे एकच स्टूल असतं आणि त्याच्यावर मी झोपलो होतो. मला निर्गमाचा सतरावा अध्याय आठवला. मोशे हात वर करून उभा राहिला की इस्राएलची सरशी व्हायची, हात खाली आले की अमालेक्यांची. मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी ते धरून उभे राहिले. यावर मी कितीतरी उपदेश ऐकलेत, दोन-तीन स्वतः केलेत. पण हात धरण्याआधी त्यांनी त्याला बसायला एक दगड आणून दिला, हे आम्ही सगळेच घाईत वाचून जातो. मी मात्र मास्तरांच्या मुलाचा दगड काढून घेऊन त्यावर बसलो होतो.

मी उठलो तसे मास्तर मुलाला म्हणाले, “हा नाहीतरी रिकामा आहे. तू घरी जा, अंघोळ कर, चार घास खा, झोप काढ. हा बसेल.”

अशी मला बदली माणसाची नोकरी लागली. सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारायची, खालच्या मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, बिनसाखरेचा चहा शोधायचा, भांडं द्यायचं आणि धुऊन ठेवायचं. भांड्याच्या वेळी मास्तर भिंतीकडे बघायचे आणि मी छताकडे, एरवी गप्पा चालायच्या. या कामात बोलायला फारसं काही नसतं, त्यामुळे माझ्या हातून चुकाही कमी झाल्या. उघड्या आणि उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावण्यात काय अर्थ आहे, असं तोच याकोब दुसऱ्या अध्यायात विचारतो. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय, की त्यातल्या निम्म्या वेळा एखादा डबा पोचवला असता तर नगरमध्ये माझी खाणावळ झाली असती.

प्रार्थना सोडून कामाला लागा, असं काही मी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दौंडजवळच्या केडगावचं, आमच्या नगरला चिकटलेल्या केडगावचं नव्हे. तिथे १९०५ मध्ये प्रार्थनेची जी लाट उठली तिची गोष्ट दूरदेशी गेली. पण त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या बायका-मुली दळत, विणत, शिकत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. दोन्ही कामं त्याच माणसांची. आमच्याकडे मात्र प्रार्थना करणाऱ्यांचा एक गट आणि चहा करणाऱ्यांचा दुसरा, अशी वाटणी होऊन बसली आहे, आणि पहिल्या गटात भरणा माझ्यासारख्यांचा.

मास्तर वॉकर धरून चालायला लागले, तशी त्यांच्या घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. गाणी झाली, वचन झालं. प्रार्थना कोणी करायची असं पाळकसाहेबांनी विचारलं, तर मास्तरांनी वॉकरवरचा एक हात उचलून माझ्याकडे बोट केलं. बसलेल्यांत चुळबुळ झाली. ताईंनी आजूबाजूला कोणी अनोळखी पाहुणे आहेत का ते बघून घेतलं. सूनबाई आत जाऊन गॅस बंदच करून आल्या. सगळ्यांनी पाय मोकळे केले, भिंती धरल्या, डोळे मिटले.

“बापा, मास्तर चालायला लागले, तुझे आभार. त्यांच्या मुलाची बरीच झोप राहिली आहे, ती त्याला मिळू दे. आमच्या सिलिंडरवाल्या पोराची पाठ दुखतेय, तिला आराम दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.”

कोणी हललं नाही. ही प्रस्तावना असणार असं समजून सगळे डोळे मिटून बसून राहिले. मीही उभाच राहिलो, बसायचं कसं ते कळेना. पाळकसाहेबांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. शेवटी मास्तरांच्या नातवाने मोठ्याने विचारलं, “संपली?”

“संपली, संपली!” मास्तर वॉकर जमिनीवर आपटत ओरडले. “आमेन म्हणा लवकर, त्याला काही आठवायच्या आत!”