आहेत ना, पिशवीत!

घराचे कागद कुठे आहेत, असं कुणाही मराठी गृहस्थाला विचारा. "आहेत ना, पिशवीत," असं तो छातीठोकपणे सांगेल. पिशवी साडीच्या दुकानाची असते, कपाटावर असते आणि ती काढायला स्टूल लागतं. आत विजेची बिलं महिनावार लावलेली, देखभाल खर्चाच्या पावत्या, बुडालेल्या भिशीचं कार्ड आणि कुणाची तरी जन्मपत्रिका. घर तुमचं आहे असं सांगणारा कागद तेवढा नसतो.

विजेचं बिल म्हणजे मालकी, ही आपली जुनी श्रद्धा. त्या बिलावरून तुम्ही पंखा लावलात आणि पैसे भरलेत एवढंच कळतं. मालमत्ता कराची पावतीही त्यातलीच. पालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते. घेतला म्हणून कुणाला मालक करत नाही.

खरा ऐवज म्हणजे नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन. शिवाय आधीच्या मालकाचा करार, त्याच्याही आधीच्याचा, अशी थेट बिल्डरपर्यंतची साखळी. स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवलं नाही तरी कुणाचं अडत नाही. फ्लॅटचा एक पूर्वज गळाला की घेणाऱ्याचा वकील चष्मा काढून टेबलावर ठेवतो. भोगवटा प्रमाणपत्राबद्दल विचारलं तर आपणच त्याला चहा विचारतो.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मात्र घरोघरी जिवापाड जपलेलं असतं. इतकं, की कुणीतरी हौसेने ते लॅमिनेट करून आणलेलं असतं. हस्तांतराच्या नोंदी त्याच्याच पाठीवर करायच्या असतात. म्हणजे घर विकायची वेळ आली, की चिरंजीव ब्लेड घेऊन प्लॅस्टिक सोलत बसतात आणि वडील शेजारी उभे राहून "हळू, हळू" म्हणतात. प्लॅस्टिक निघतं. बरोबर अध्यक्षांची सहीही निघते.

मूळ करार बहुधा बँकेत असतो. कर्ज फिटल्यावर पेढे वाटायची आपल्याला घाई; कागद आणायला 'जाऊ एकदा'. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. तुमच्या आळसाला मात्र भरपाई नाही.

आता समजा, तुमची पिशवी अगदी चोख आहे. तरी इमारतीखालची जमीन कुणाची? १९६३ च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून ४ महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यायचं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करायची. चार महिने! कित्येक बिल्डरांनी ते चार पिढ्या असं वाचलं. म्हणून २००८ मध्ये सरकारने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. बिल्डर येत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा, म्हणाले. त्या अर्जाला लागतात कागद. सभेत विषय निघाला की सचिव "प्रोसेस चालू आहे" म्हणतात, दोघे-तिघे मान डोलावतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. पार्किंगमधली पांढरी रेघ कुणी पुसली? त्यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चालते.