घरगुती कॉफी रोस्टर : वापर, निगा आणि शेजार

कॉफीचे कच्चे, हिरवट दाणे सतत हलते ठेवून त्यांना सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास नेणारे आणि मग झटपट थंड करणारे विजेवरचे यंत्र म्हणजे घरगुती कॉफी रोस्टर. हे काम लोखंडी कढई आणि उलथन्यानेही होते, असे घरातील ज्येष्ठ मंडळी यंत्र खोक्यातून बाहेर निघता निघताच सांगतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. कढईत दाण्याची एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. यंत्रात हाच परिणाम साधायला निदान माहितीपुस्तक वाचावे लागते.

ही यंत्रे मुख्यतः दोन जातींची असतात. पहिल्या जातीत खालून गरम हवेचा झोत येतो आणि काचेच्या भांड्यातले दाणे त्या झोतावर उसळत राहतात. या पद्धतीचे कॉफीसाठीचे पेटंट मायकेल सिवेट्झ या अमेरिकन रसायन अभियंत्याने १९७६ साली घेतले. मक्याच्या लाह्या फोडणारे हवेचे यंत्र वापरून कॉफी भाजणारे हौशी लोक याच कुळातले. दुसऱ्या जातीत आडवा ड्रम फिरत असतो आणि त्याला विजेच्या सळ्यांची धग मिळते. हवेचे यंत्र शंभर-दोनशे ग्रॅम दाणे सहा ते दहा मिनिटांत भाजते. ड्रमला त्याहून जास्त दाणे लागतात आणि दहा ते पंधरा मिनिटे. हवेच्या यंत्रात दाणे छान दिसतात, पण पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाहीत. ड्रममध्ये ते ऐकू येतात, पण धड दिसत नाहीत. दिसणे आणि ऐकू येणे या दोन्ही सोयी असलेले यंत्र असते. ते ज्याच्या घरात असते त्याच्या घरात सहसा त्याच्या किमतीचा विषय काढत नाहीत.

कच्चे दाणे चिकमगळूर, कोडगू आणि अराकूहून येतात. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते. पोत्यावर ‘प्लांटेशन ए’ लिहिले असेल तर दाणे धुतलेल्या अरेबिकाचे, ‘चेरी’ लिहिले असेल तर फळासकट उन्हात वाळवलेले. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी : फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा धरलेला. तो छान गडगडतो, म्हणून बऱ्यापैकी सारखा भाजला जातो आणि नवशिक्याला आपला हात बसल्याचा भ्रम होतो. मान्सून्ड मलबार मात्र पहिल्या महिन्यात घेऊ नये. मंगळूरच्या बाजूला हे दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर फुगवून फिकट पिवळे केलेले असतात. जुन्या काळी शिडाच्या जहाजातून युरोपला जाताना वाटेत माल दमट होई, त्या चवीची तिकडे सवय लागली. जहाजे वेगवान झाली तेव्हा ती सवय किनाऱ्यावरच पुरवावी लागली. आधीच पिवळा असलेला दाणा पिवळा झाला की नाही, हे पाहत बसण्यात अर्थ नसतो, आणि त्याचे तडकणेही दबक्या आवाजात होते.

दाणे ठीक असले तरी गाडी पुष्कळदा विजेच्या सॉकेटपाशी अडते. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत रोस्टर येतो तो अमेरिकेतल्या भाच्याच्या सामानातून, आणि त्याच्या बुडावर १२० व्होल्ट लिहिलेले असते. आपल्याकडे २३० व्होल्ट. तापतारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे थेट जोडल्यास ती पावणेचारपटीच्या जवळ जाते. असा रोस्टर अतिशय वेगाने चालतो आणि एकदाच चालतो. त्याला १,५०० वॉटसाठी किमान दोन हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो इतका जड असतो, की ज्याने सामान हलके ठेवण्यासाठी रोस्टरचे खोके अमेरिकेतच टाकले त्याची दया येते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, पण विजेचे ५० हर्ट्झ ५०च राहतात. ज्या यंत्राची मोटर किंवा टायमर विजेच्या आवर्तनांवर चालतो, ते ६० हर्ट्झच्या हिशेबाने मोजत राहते. परिणामी यंत्राची बारा मिनिटे भिंतीवरच्या घड्याळात १४ मिनिटे २४ सेकंद भरतात. भाच्याने कळवलेल्या वेळा इथे लागू पडत नाहीत त्या यामुळे. पुण्याच्या हवेचा त्यात दोष नाही.

भारतीय व्होल्टेजचे यंत्र असले तरी प्रश्न मिटत नाही. २३०चे २०० झाले की उष्णता पाऊण पटीवर येते. संध्याकाळी सातच्या सुमारास इमारतीतले सारे गीझर आणि एसी एकदम चालू झाले, की कॉफी बराच वेळ पिवळ्या रंगावर रेंगाळते. १,५०० वॉटचे यंत्र साडेसहा ॲम्पिअर ओढते, म्हणून ते मिक्सरच्या छोट्या सॉकेटवर न लावता गीझर-इस्त्रीच्या मोठ्या सॉकेटवर लावावे. एक्स्टेन्शन बोर्ड लावू नये. लावलाच तर त्याची वायर गरम झाली का ते हाताने पाहावे; गरम झाली असेल तर तेवढी उष्णता दाण्यांना मिळाली नाही, हे नक्की.

आता प्रत्यक्ष भाजणे. कच्च्या दाण्यात सुमारे दहा-बारा टक्के पाणी असते. सुरुवातीची काही मिनिटे ते उडून जाण्यात जातात आणि त्या काळात काहीच घडत नाही असे वाटते. ड्रमचे यंत्र आधी तापवून घेतलेले असेल, तर दाणे टाकल्याबरोबर पडद्यावरचा आकडा दोनशेवरून घसरत शंभराच्याही खाली येतो. याला बिघाड समजून यंत्र बंद करणाऱ्यांची संख्या बरीच असावी, कारण माहितीपुस्तकात हे वाक्य ठळक अक्षरांत असते. थंड दाण्यांनी वेढल्यामुळे तपमापकाचा काटा उतरतो, इतकेच. मिनिट-दीड मिनिटात तो परत चढू लागतो. दीडशे अंशांच्या पुढे रंग पिवळा होतो, वास ओल्या गवताचा सुटतो, मग भाजलेल्या धान्याचा. याच सुमाराला दाण्याचे चंदेरी फोलपट सुटू लागते. या फोलपटाला वजन नसते, पण हट्ट असतो. ते यंत्राच्या जाळीत जमायला हवे. प्रत्यक्षात ते गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापडांवर सापडते.

१९६ अंशांच्या आसपास दाण्यातल्या वाफेचा दाब त्याला फोडतो आणि पहिला तडतडाट होतो. तो मोठा, सुटा आणि मोजता येण्याजोगा असतो. यानंतर कधीही थांबले तरी कॉफी पिण्याजोगी होते. सव्वादोनशेच्या पुढे दुसरा तडतडाट सुरू होतो. तो बारीक आणि दाट असतो, फोडणीतल्या मोहरीसारखा. तिथून तेल दाण्याच्या पृष्ठभागावर येते, आणि मिनिटभर दुर्लक्ष झाले तर कोळसा. फिल्टर कॉफी दूध आणि साखर घालून प्यायची असेल तर दुसऱ्या तडतडाटाच्या उंबऱ्यापर्यंत जावे. बिनदुधाची, फळांच्या आंबटगोड चवीची कॉफी हवी असेल तर पहिल्यानंतर मिनिट-दोन मिनिटांत थांबावे. घरात दोन्ही पंथ असतील तर दोन घाणे काढावेत. मधली वाट कोणालाच आवडत नाही.

पडद्यावरच्या आकड्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तो तपमापकाचा स्वतःचा आकडा असतो. हवेच्या यंत्रात तो बहुधा झोताचा असतो, ड्रममध्ये हवेचा किंवा पत्र्याचा. दाण्याच्या पोटात काय चालले आहे हे त्यापैकी कोणालाच नेमके ठाऊक नसते. ‘आर्टिझन’सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तापमानाचा आलेख काढता येतो, आणि काही घरांत तो कॉफीच्या आधी पाहुण्यांपुढे येतो. पण तडतडाट कानालाच कळतो आणि धुराचा बदल नाकाला. घरात दोन मते पडली, तर ज्या व्यक्तीला आतल्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात तिचे ऐकावे.

भाजणे थांबवणे म्हणजे यंत्राचे बटण बंद करणे नव्हे. पहिल्या तडतडाटाच्या सुमाराला दाणे स्वतःच उष्णता सोडू लागलेले असतात, त्यामुळे ते वेगळ्याने थंड करावे लागतात, तेही चारेक मिनिटांत. ऐन यावेळी वीज गेली तर इन्व्हर्टर कामाचा नाही; त्याला १,५०० वॉट झेपत नाहीत. जाड हातमोजे घालून दाणे स्टीलच्या चाळणीत ओतावेत आणि दोन चाळण्यांत वरखाली करावेत, नाहीतर सुपात घेऊन पाखडावेत. पाखडल्याने उरलेले फोलपटही निघून जाते. या कामासाठी परदेशात खास यंत्र विकतात.

धूर हा या छंदाचा सार्वजनिक भाग आहे. तो दुसऱ्या तडतडाटाला सर्वाधिक येतो आणि त्याला कॉफीचा वास येत नाही, काहीतरी जळल्याचा येतो. न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटमध्ये छतावरची धुराची घंटा वाजते, इथे दाराची. शेजारच्या काकू आधी ‘काही लागलंय का हो?’ विचारतात, तिसऱ्या आठवड्यापासून विचारत नाहीत, आणि मग सोसायटीच्या फलकावर नाव न घेता एक सूचना लागते. यात नवे काही नाही. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७८१ साली कॉफी भाजण्याची मक्तेदारी सरकारकडे घेतली, परवाना नसलेल्यांना घरी भाजायला मनाई केली आणि गल्लोगल्ली वास घेत फिरण्यासाठी युद्धात जायबंदी झालेले सैनिक नेमले. त्यांना लोक कॉफी हुंगणारे म्हणत. सोसायटीच्या सेक्रेटरींना या कामाचा पगार मिळत नाही, हे लक्षात घेऊन त्यांच्याशी सौजन्याने वागावे आणि घाणा एक्झॉस्ट पंख्याखाली, दुपारी काढावा.

बिघाडांकडे वळायचे तर पहिला बिघाड हा बिघाड नसतो. यंत्र अजिबात चालू होत नसेल तर फोलपटाचा ट्रे किंवा झाकण नीट बसले आहे का ते पाहावे. अनेक यंत्रांत तिथे छोटा स्विच असतो, तो दाबला गेल्याशिवाय वीज पुढे जात नाही. हे तपासण्याआधी वायरमनला बोलावल्यास तो ट्रे नीट बसवतो आणि व्हिजिटचे पैसे घेतो.

पंखा चालतो पण उष्णता येत नाही, हा खरा बिघाड. बहुतेकदा आतला थर्मल फ्यूज उडालेला असतो, आणि तो उडण्याचे कारण बहुतेकदा थंड होण्याआधी काढलेला प्लग असते. हा फ्यूज एकदाच कामाचा. उडाला की त्याच तापमानाचा नवा घालावा लागतो. वायरमन यावर ‘डायरेक्ट करून देतो’ असा उपाय सुचवतो. फ्यूज काढून तारा जोडल्यावर यंत्र उत्तम चालते आणि त्याला थांबवणारे कोणी उरत नाही. पंख्याला काही जणांनी तसे केलेले असते, गीझरलाही केलेले असते. रोस्टरला करू नये. गीझरला तर मुळीच नाही.

पहिला तडतडाट येतच नाही, ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. व्होल्टेज पाहावे, एक्स्टेन्शन काढावा, मग दाणे मोजावेत. ड्रममध्ये जास्त दाणे टाकले की उष्णता पुरत नाही आणि ते भाजण्याऐवजी शिजत राहतात. अशी कॉफी दिसायला बरी आणि चवीला सपाट, पुठ्ठ्यासारखी लागते. हवेच्या यंत्रात उलट होते. दाणे जास्त झाले की हवा कोंडते, तापमान भराभर चढते आणि चार मिनिटांत बाहेरून काळे, आतून कच्चे दाणे तयार होतात. म्हणजे एकाच चुकीची दोन यंत्रांत दोन विरुद्ध फळे मिळतात, आणि जुने यंत्र विकून नवे घेणारा ती दोन्ही चाखतो. काटा वापरावा, ‘अंदाजे दोन मुठी’ हे माप धरू नये.

रंग सारखा येत नसेल तर हवेच्या यंत्रात सुरुवातीला पंखा जोरात ठेवावा, कारण ओले दाणे जड असतात. ते फुगून हलके झाले की पंखा उतरवावा. सगळे करूनही चार-दोन दाणे फिकटच राहिले, तर ते न पिकलेल्या फळांचे असतात. ते कितीही भाजले तरी तपकिरी होत नाहीत. निवडून टाकावेत. आकडा दर घाण्याला वेगळा दिसत असेल तर तपमापकावर तेलाचा थर बसलेला असतो. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर तो पुसावा, आणि फोलपटाची जाळी प्रत्येक घाण्यानंतर झटकावी. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. साठलेले फोलपट पेट घेते. पेटलेच तर प्लग काढावा, झाकण उघडू नये, पाणी ओतू नये. झाकण बंद राहिले की आगीला हवा मिळत नाही. ‘उघडून बघ ना आत काय झालंय’ ही सूचना घरातून हमखास येते. तिचा आदर राखून ती टाळावी.

भाजताना दाण्यांचे वजन बारा ते वीस टक्के घटते, त्यामुळे १२० ग्रॅम टाकले तर शंभरेक हाती येतात. बाकीचे पाणी आणि धूर झाले. ताज्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून पहिला दिवस बरणीचे झाकण सैल ठेवावे. लगेच केलेल्या कॉफीला फेस पुष्कळ येतो आणि चव तोंडात चरचरते. फिल्टरसाठी दोन-तीन दिवस, एस्प्रेसोसाठी आठवडाभर थांबावे. चार माणसांच्या घरात माणशी पंधरा ग्रॅम धरले तर दिवसाला साठ ग्रॅम लागतात, म्हणजे छोट्या यंत्राचा एक घाणा दोन दिवसही पुरत नाही आणि मुरायला मात्र तीन दिवस घेतो. हा हिशेब जमवायचा तर लागोपाठ दोन घाणे काढून दोन्ही बरण्यांवर तारीख लिहावी आणि पहिली उघडली त्याच दिवशी पुढचे दोन भाजायला घ्यावेत. पाहुणे आले की हे वेळापत्रक मोडते. त्यांच्यासाठी वरच्या फळीवर इन्स्टंट कॉफी ठेवलेली असते.