आगाऊ पत्र: स्कूटर पेटण्यापूर्वी

प्रति,
मा. प्रमुख, कायदा विभाग,
स्वेच्छेने स्कूटरी परत बोलावणारी कंपनी

विषय: आमच्या स्कूटरला पुढेमागे लागणाऱ्या आगीबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा मेसेज मिळाला. 'ग्राहकांच्या सुरक्षिततेला प्राधान्य देत' आपण आमच्या स्कूटरची बॅटरी मोफत तपासणार आहात, हे वाचून ऊर भरून आला. तपासणीची तारीख तेवढी 'लवकरच कळवण्यात येईल'. तोवर स्कूटर दहिसर पूर्वेला आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभी असते आणि रात्री चार्जिंगला लागते, कारण सकाळी मुलाला कामावर जायचं असतं. ती अजून पेटलेली नाही. पेटल्यावर पत्र लिहायला माझे हात बँडेजमधून मोकळे असतीलच असं नाही, म्हणून हा पत्रव्यवहार आधीच उरकून घेतो.

सर्वप्रथम आपल्या 'स्वेच्छे'चं अभिनंदन. 2022 च्या मार्चअखेरीस पुण्यात भररस्त्यात एक स्कूटर पेटली, वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटून बाप-लेक गेले. मग एप्रिलमध्ये अनेकांना एकदमच इच्छा झाली. ओकिनावाने 3,215, प्युअर ईव्हीने 2,000 आणि ओलाने 1,441 स्कूटरी परत बोलावल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 110-अ आपल्याला पाठ असेलच. सरकारच्या हुकमावरून गाडी परत बोलवावी लागली, तर कंपनीने पूर्ण किंमत परत द्यायची किंवा गाडी बदलून वा दुरुस्त करून द्यायची, शिवाय दंड भरायचा. दोष स्वतःहून कळवून गाडी परत बोलावली, तर दंड माफ. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्यांना अशी सवलत नाही, त्यामुळे त्यांना कधी स्वेच्छा होत नाही.

आता थोडं आमच्या शेजारचं. दहिसरहून गाडीत बसलं की खाडी ओलांडून थोड्या वेळात वसई येते. तिथे 2022 च्या सप्टेंबरात पहाटे, घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली. बाहेरच्या खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवडाभराने गेला. माणिकपूर पोलिसांनी सुरुवातीला अपमृत्यूची नोंद केली. पुढच्या डिसेंबरपासून बॅटरीचे कडक नियम, एआयएस-156 मधली दुरुस्ती, पहिल्या टप्प्यात लागू झाले. दुसरा टप्पा 31 मार्च 2023 पासून आला. एका सेलमध्ये बिघाड होऊन तो तापला, तरी शेजारचे सेल एकामागून एक भडकून अख्खा पॅक पेटता कामा नये, ही चाचणी त्यातली. म्हणजे एका सेलपायी अख्खा पॅक पेटू नये ही अपेक्षा आपल्याकडे गाड्या रस्त्यावर आल्यानंतर लेखी झाली.

आग लागलीच, तर आपलं पत्र कसं येईल याचा अंदाज मी करून ठेवला आहे. 'ग्राहकाने बाहेरचा चार्जर वापरला असावा, बॅटरीत पाणी गेलं असावं, अनधिकृत ठिकाणी दुरुस्ती केली असावी.' हा 'असावा' आपला आधार आहे, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 87 म्हणतं की वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. पण त्याच कायद्यात तीन कलमं अलीकडे कलम 84 आहे, ते आपल्या विभागात कुणी वाचतं का, ही माझी नम्र शंका. रचना सदोष, जोडणी सदोष, वापराच्या पुरेशा सूचना नाहीत, धोक्याचा इशारा नाही, यांपैकी काहीही निघालं तर निर्माता जबाबदार. आणि आपण दिलेली हमी खोटी ठरली, तर 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' हे सिद्ध करूनही सुटका नाही. म्हणून मूळ चार्जर, त्याची पावती आणि आपल्या सर्व्हिस सेंटरचे सगळे कागद मी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आहेत. स्कूटरशेजारी ठेवले नाहीत, हे आपल्या लक्षात यावं.

दावा कुठे लावायचा, याची आपल्याला फार काळजी दिसते. विक्रीच्या अटींमध्ये आपण लवादाची सोय केली आहे, तीही दूरच्या शहरात. प्रवासखर्चाचा विचार केलेला दिसत नाही. पण लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात सांगितलं आहे आणि नव्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. तेव्हा आपल्यालाच वांद्र्याला यावं लागेल, मुंबई उपनगर जिल्हा आयोगापुढे. सकाळच्या लोकलने येऊ नये, ही प्रेमाची सूचना.

तिथे फी किती, हेही विचारून ठेवलं. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल, तर शून्य. मागितलेली भरपाई किती, यावर ती ठरत नाही. सवा लाखाच्या स्कूटरने भाजलेला माणूस दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, कायमचं अपंगत्व आणि मनस्ताप यांपोटी तीस लाख मागू शकतो, एक रुपया फी न भरता आणि वकील न करताही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. 1915 हा हेल्पलाइनचा नंबर आहे, पण तिथे तक्रार नोंदवली म्हणून दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही. तिथल्या 'आम्ही पाठपुरावा करत आहोत' या उत्तरावर आपण निश्चिंत असाल, आम्ही नसू.

पोलिसांचंही ऐका. कुणी भाजलं तर दवाखान्यात 'एमएलसी', म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदवून घ्यायची, अग्निशमन दलाचा अहवाल मागायचा आणि पंचनामा करून घ्यायचा, हे मी घरच्यांना सांगून ठेवलं आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेफिकीर वागण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम 125 आहे, जीव गेला तर 106. तुरुंगात कंपनी जात नाही, माणूस जातो, म्हणून तिथे सही कुणाची हे विचारलं जातं. आपण स्वतः किती कागदांवर सह्या केल्या आहेत, हे एकदा पाहून ठेवावं.

दुर्दैवाने एका बाबतीत कायदा आपल्यावर मेहेरबान आहे. जिन्याखाली आग लागून वरच्या मजल्यावरच्या काकू भाजल्या, तर त्या स्कूटरच्या ग्राहक नाहीत. त्यांना दिंडोशीला दिवाणी दावा लावावा लागेल, कोर्ट फी भरून, तारखांना हजर राहून. मी घेतलेल्या वस्तूने त्या भाजणार आणि मी वांद्र्याला फुकट, त्या दिंडोशीला पैसे मोजून. हे आपल्याला न्याय्य वाटतं का, असं विचारणार होतो. पण आपला विभाग कायद्याचा आहे, हे लक्षात आलं.

आता मुख्य विनंती. आग विझल्यावर आपला टेम्पो येईल, 'तांत्रिक विश्लेषणासाठी' जळालेली स्कूटर न्यायला. सोबत आलेला माणूस सहानुभूती दाखवेल, नवी स्कूटर देऊ म्हणेल आणि 'पूर्ण व अंतिम समझोता' असं लिहिलेल्या कागदावर सही मागेल. दोष साध्या पाहणीत ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी माझ्याकडून जमा करून घेऊन. तो मी भरेन. पण तपासायला वस्तूच उरली नाही, तर काय तपासणार? आपल्या कारखान्यात गेलेला जळका पॅक परत येताना त्याच सेलचा असेल, यावर माझा विश्वास आहे, बायकोचा नाही. त्यामुळे स्कूटर हलणार नाही. आपल्या तज्ज्ञांना पाहायची असेल तर यावं, पंचांसमोर पाहावी, फोटो काढावेत. चहा आमच्याकडे.

कळावे,
आपला ग्राहक
(स्कूटर या क्षणी शाबूत)

ता. क. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या मुलाकडे ताशी पंचवीसच्या आतली, लायसन-नंबर न लागणारी एक छोटी ई-स्कूटर आहे. मोटर पाव किलोवॅटच्या आत म्हणून कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नाही, म्हणजे कलम 110-अ खाली ती परत बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. बॅटरी मात्र लिथियमचीच आहे आणि ती वॉचमनच्या केबिनमध्ये, त्याच्या खाटेखाली चार्ज होते. या मॉडेलसाठी आपल्या स्वेच्छेचं काय ठरलं आहे, ते उलट टपाली कळवावं. पत्ता सोसायटीचा द्यावा, केबिनचा नको.