दोन मीटर अंतरावरून

‘जाऊन आलेला माणूस’ ही गावातली जुनी जमात. पूर्वी तो काशीला जाऊन आलेला असे. मावंदं घालून, गंगेचे गडू वाटून महिन्याभरात थंड पडे. मग चारधामवाले आले, त्यांचे अल्बम बघावे लागत. दुबईवाले खजूर देत, त्यामुळे त्यांचं ऐकून घ्यायला कुणाची ना नसे. अणदूरला सध्या जो नग आहे तो मात्र गालापागोसला जाऊन आलाय आणि त्याने वाटायला काडीही आणलेली नाही. तिथून दगड, शिंपला, चिमूटभर वाळूसुद्धा उचलायला बंदी आहे, हे तो वर अभिमानाने सांगतो.

हा नग म्हणजे आमचे भूगोलाचे गुरुजी. उभी हयात पृथ्वीचा गोल फिरवला, पण सहल कधी नळदुर्गच्या किल्ल्यापलीकडे नेली नाही, कारण त्यांना एसटी लागते. उमरग्याला जायचं तरी खिडकी आणि लिंबू लागतं. अशा माणसाला अमेरिकेतल्या मुलाने पॅसिफिक महासागरात, इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हजार किलोमीटर आत, ज्वालामुखीच्या बेटांभोवती फिरणाऱ्या बोटीवर चढवलं. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, जायला साफ नकार दिला. “म्हशीची धार कोण काढंल?” या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नव्हतं.

बोट लागायची ती लागलीच. पहिले दोन दिवस गुरुजींनी केबिनचं छत पाहिलं. गंमत म्हणजे त्यांच्या सांगण्यातले सगळ्यांत मोठे देवमासे नेमके त्याच दोन दिवसांतले आहेत.

त्याआधी विमानतळावरची झडती. बेटांवर परकं बी-बियाणं, किडामुंगी जाऊ नये म्हणून तिथे विमानात बसण्यापूर्वी प्रत्येकाचं सामान उघडतात. बाईंनी बांधून दिलेल्या कडक भाकरी सुटल्या, शेंगदाणे गेले, आणि मग निघाली पिवळ्या भुकटीची पुडी. खंडोबाच्या गावचा माणूस भंडाऱ्याशिवाय वेस ओलांडत नाही, हे त्या साहेबाला कोण सांगणार? मुलगा इंग्रजीत ‘हळद, हळद’ म्हणत राहिला. शेवटी गुरुजींनी स्वतःच्या कपाळाला चिमूट लावली, उरलेली तोंडात टाकली आणि ‘येळकोट’ केला. साहेबाने घाईघाईने पुढच्याला बोलावलं.

परत आल्यापासून गुरुजी तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनी वागतात. नियम साधा: कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही आणि वाटाड्याला सोडून इकडेतिकडे जायचं नाही. घरची म्हैस ते आता दोन मीटरवरून बघतात. धार पहिल्यापासून बाईच काढत असल्याने दुधात फरक पडलेला नाही. स्टँडवर कुत्र्याला बिस्किट टाकणाऱ्या पोराचा हात ते धरतात. वाटाडे अर्थात ते स्वतः. हॉटेलात चहाला बसलं की सुरू होतात : तिथला सरडा समुद्रात बुडी मारून शेवाळ खातो आणि मीठ नाकातून शिंकरून टाकतो; एक पाणकावळा उडायचंच विसरलाय; आणि कुठलंही पाखरू माणूस जवळ आला तरी हलत नाही, कारण माणसाचं भय त्यांना ठाऊकच नाही.

“भय ठाऊक नाही का गुरुजी ठाऊक नव्हते?” असं एकदा मागून कुणीतरी विचारलं. सुरुवातीला आम्ही त्यांना लांबून पाहून उडत होतो. आता कुणी हलत नाही. डोळे अर्धे मिटून जागच्या जागी बसून राहायचं. गुरुजी दोन मीटरवर उभे राहून बोलतात आणि पुढच्या बाकड्याकडे जातात.

पण शेळ्यांचं प्रकरण निराळं. आमच्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी म्हणजे गोरगरिबांची बँक. बाजाराच्या दिवशी मोडता येणारी मुदत ठेव. एका मावशीच्या सात-आठ शेळ्या बाभळीवर तुटून पडल्या होत्या, तिथे गुरुजी थांबले. म्हणाले, “मावशी, हाच प्राणी बेटं खातो.” आणि त्यांनी सांगितलं ते खोटं नाही. खलाशांनी सोडलेल्या शेळ्या त्या बेटांवर इतक्या माजल्या की महाकाय कासवांना चारा उरेना. मग १९९७ ते २००६ या काळात मोहीम काढून हेलिकॉप्टरमधून नेम धरून शेळ्या मारल्या. लाखाच्या वर. मावशींनी पदर खोचला, आणि गुरुजींना सातव्या पिढीपर्यंत जे ऐकवलं त्यात मात्र अंतराचा नियम पाळला गेला नाही. निवडणुकीत पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर वरून गेलं तेव्हा सगळा गाव बघायला धावला. मावशी तेवढ्या शेळ्या घरात कोंडून दाराला पाठ लावून बसल्या.

त्याच कासवांतला जॉर्ज. पिंटा नावाच्या बेटावरच्या जातीतला हा शेवटचा. काही जातभाई खलाशांनी खाल्ले, उरलेल्यांचा चारा शेळ्यांनी. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं त्याला दुसऱ्या बेटांवरच्या माद्या दाखवल्या, पण वंश काही वाढला नाही. २०१२ साली गेला. गुरुजी हे मोठ्या तळमळीने सांगतात. “शंभरीच्या आसपास आला होता, पण जमलं नाही हो!” एका संध्याकाळी ऐकणाऱ्यांत छत्तिशीतला, सहा एकर बागायत असलेला, चार वर्षं स्थळं बघणारा पोरगा होता. तो चहा अर्धा टाकून उठला. नंतर त्याच्या दोस्तांनी गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे फक्त सरड्याचं सांगत चला.

ज्वालामुखी हा गुरुजींचा हुकमी एक्का. पश्चिमेकडची बेटं अजून धगधगतात, फर्नांडिना तर २०२४ सालीही फुटलं. पायाखाली नुसता काळा थिजलेला लाव्हा! यावर विहीर खोदून मोडीत निघालेल्या एका अप्पांनी विचारलं, “गुरुजी, तुमीच शाळंत शिकिवलंवतं. आपल्या हिरीला चाळीस फुटावर काळा पाषाण लागला, त्यो काय हाय मग?” भूगोलाच्या मास्तरला नाही म्हणता येईना. दख्खनचा सगळा काळा दगड लाव्हाचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गुरुजी चाचरत म्हणाले, “हो, पण हा थंड झालाय.” “मग त्येच्यासाठी तिकडं कशाला बोंबलत गेलता?”

बाई यातलं काही ऐकत नाहीत. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर आहे. फ्लोरियाना बेटावर एक पिंप आहे. देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या काळापासून तिथे टपाल टाकतात. तिकीट नाही, पोस्टमन नाही. येणाऱ्याने पिंपातली पत्रं चाळायची, आपल्या मुलखातलं सापडलं तर उचलायचं आणि घरी परतल्यावर हातोहात नेऊन द्यायचं. गुरुजींनी तिथे बाईंच्या नावाने कार्ड टाकलंय. मु. पो. अणदूर, ता. तुळजापूर. मजकूर काय, ते सांगायला तयार नाहीत. “पत्रात आहे,” एवढंच. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरून दिवसरात्र गाड्या धावतात, त्यातली एक कधीतरी थांबेल म्हणून बाई नवख्या माणसाला आधी पाणी देतात, मग गाव विचारतात. विमा एजंटांची चंगळ झालीय.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना नळदुर्गचा एक निवृत्त बँकवाला अंटार्क्टिकाला जाऊन आला. तो म्हणतो पेंग्विन तिकडेच खरे. गुरुजी म्हणतात, विषुववृत्त ओलांडून उत्तरेला राहणारे पेंग्विन जगात फक्त आमच्याकडे. ‘आमच्याकडे’ म्हणजे गालापागोसला. भांडण हॉटेलात आलं, दोघांचीही पाळी सोसायची कुणाची तयारी नव्हती. तेव्हा एका म्हाताऱ्याने तोडगा काढला. आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो. दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात आणि देव हलतो. त्याच धर्तीवर करार ठरला. ते पावणेदोन महिने गुरुजींनी नळदुर्गला जाऊन सांगायचं आणि बँकवाल्याने तिकडेच बसून ऐकायचं.

नळदुर्गकरांनी अजून सही केलेली नाही.